सुमनताईंचा संध्याकाळचा फेरफटका

शेजारच्या जाधवबाईंचा फोन आला तेव्हा मी वाशीच्या मार्केटमध्ये दोन गजरे घेत होते, एक मला आणि एक सुमनताईंना. "ताई दुपारच्या झोपल्या, त्या उठल्याच नाहीत ओ," त्या म्हणाल्या. मी गजरे पिशवीत टाकले आणि रिक्षा केली... सुमनताई माझ्या थोरल्या जाऊबाई. एकाच सोसायटीत आम्ही वर-खाली राहायचो. आता दीड महिना होत आला. आठवण आली की रडू येतंच, पण बरेचदा हसूही येतं, आणि त्याला कारण इटलीतलं एक छोटंसं गाव आहे.

भाऊजी गेले आणि ताईंनी स्वतःला मिटून घेतलं. त्यांना कुणी काही म्हणालं नव्हतं. तरी कपाळ मोकळं, अंगावर विटक्या सुती साड्या, आणि बाहेर पडायचं ते भाजीपुरतं नाहीतर बँकेपुरतं. हसत्याखेळत्या बाईचं असं झालेलं मला बघवेना. त्या पुन्हा पहिल्यासारख्या होतील की नाही, याचाच मला घोर लागला होता. त्यांचा मुलगा अमित नोकरीसाठी इटलीत असतो. त्याने आम्हा दोघींना बोलावून घेतलं आणि टेकडीवरच्या एका जुन्या गावात राहायला नेलं.

गाव दाखवायला तिथल्याच एक आजी आल्या. निवृत्त शिक्षिका, केस पांढरेशुभ्र, ओठांना लाली. त्या बोलायच्या आणि अमित मराठीत सांगायचा. वेशीची कमान, अरुंद दगडी बोळ, भिंतभर चित्रं असलेलं चर्च, बायकांची कपडे धुवायची सामाईक जागा. तिथले दगड घासून घासून खोलगट झाले होते. ताई त्यांच्यावर हात फिरवत बसल्या. मी खरं सांगायचं तर वैतागले होते. चढ जीवघेणा आणि धड चहा कुठे मिळेना. निघताना आजी म्हणाल्या, "आमच्या गावातली सगळ्यात जुनी गोष्ट तुम्ही अजून पाहिलीच नाही. संध्याकाळी चौकात या."

गेलो. उन्हं उतरली तशी दारं उघडली आणि अख्खं गाव नटूनथटून रस्त्यावर आलं. चौकातून वेशीपर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. तीच माणसं पुन्हा समोर आली तरी तितक्याच प्रेमाने नमस्कार. ताईंनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे का रे?"

"नाही गं आई, हे रोजचंच आहे."

तेवढ्यात सकाळच्या आजी आल्या. गळ्यात मोत्यांची माळ, पायात टाचांचे बूट. कुठे निघालात, असं अमितने विचारलं. "कुठेच नाही," त्या म्हणाल्या, "नवरा होता तेव्हा त्याच्या हातात हात घालून फिरायचे, आता एकटी फिरते. घरात बसले तर गाव एका माणसाने कमी होईल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई माझ्या खोलीत आल्या. "उषा, तुझी ती आमसुली रेशमी दे बघू. मी काही आणलंच नाही नेसण्यासारखं." नेसल्या, टिकली लावली आणि चौकात उतरल्या. आजींनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण वेशीपर्यंत बडबड चालली होती. मी पायरीवर बसून डोळे पुसत होते. मला फार बरं वाटलं.

वाशीला परतल्यावर ताई पहिल्यांदा हिरवी काठापदराची नेसून खाली उतरल्या, तेव्हा वॉचमन उठून उभाच राहिला. "मावशी, फंक्शन आहे काय?"

"नाही रे, नुसतीच फिरायला."

आमच्याकडे फिरायचं म्हणजे शुगर वाढली म्हणून, स्पोर्ट्स शूज घालून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. त्यात ताई रेशमी साडीत, रमतगमत. जाधवबाईंचेही यजमान नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, लोक नावं ठेवतील ओ."

"ठेवू देत. उद्या तुम्ही ती जांभळी नेसून या."

दोन दिवस जाधवबाई नुसत्या गॅलरीत उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी जांभळी नेसून खाली आल्या. हळूहळू आमचा घोळकाच झाला. सेक्टरचा तोच रस्ता, मिठाईच्या दुकानापासून बागेपर्यंत आणि परत.

ताईंचे दिवस झाल्यावर इटलीला परत जाताना अमित म्हणाला, "काकू, आईच्या साड्या तूच वाटून टाक." कपाट उघडायला मी खूप दिवस लावले. भाऊजी दर दिवाळीला त्यांना साडी आणायचे आणि ताई "मला कुठे जायचंय" म्हणत तशीच पिशवीत ठेवून द्यायच्या, हे मला माहीत होतं. त्यातल्या नेसायच्या राहून गेलेल्या कोऱ्या साड्यांची चळत बघायची माझी हिंमत होत नव्हती... परवा उघडलं. पलंगावर बसून एकेक साडी उलगडली. प्रत्येकीच्या खालच्या काठाला रस्त्याची धूळ होती. घडी न मोडलेली एकही निघाली नाही.