रिकामी वाटी

बेबीमावशी मोठ्या माणसांशी आधी बोलतच नसे. कॅफेत शिरलेल्या कुटुंबात आजोबा असोत, कुणी बडा साहेब असो, नाहीतर मुंबईहून गाडी घेऊन आलेले पाहुणे असोत, तिची नजर थेट टेबलाच्या कडेवर जिथे छोटी हनुवटी टेकलेली असेल तिथे जायची. मग एक बुटकं स्टूल पायानेच ओढून ती त्या हनुवटीच्या उंचीला येऊन बसायची आणि विचारायची, "काय गो बाय, भूक हाय काय?" मधेच आई म्हणाली, "तिला ना सँडविच द्या, बटर कमी घाला," की मान न वळवता मावशी म्हणायची, "तुमाला नंतर विचारीन. आता हिचं चाललंय."

लोकांना राग यायचा. का नाही येणार? पैसे देणार आपण आणि मान मिळणार पाच वर्षांच्या पोराला. एकदा पुण्याच्या एक बाई तणतणत उठल्या आणि मुलाचं बखोट धरून निघाल्या. मावशीने त्यांना अडवलं नाही. दारात त्या मुलाला मात्र म्हणाली, "परत ये हां. तू एकटा आलास तरी चालेल." तो मुलगा रस्ता ओलांडेपर्यंत मागे वळून बघत होता.

कॅफे भाट्याच्या पुलाच्या अलीकडे, रत्नागिरीच्या बाजूला. तो काढला तिच्या मुलाने आणि सुनेने. मावशीचं त्याआधीचं सगळं आयुष्य बंदरावर मासे विकण्यात गेलेलं. अंगाने दणकट, पदर कमरेला खोचलेला आणि आवाज असा की तिने हाक मारली की कॉफीचं मशीनही बिचकतं, असं तिची सून सायली म्हणायची. कॉफीला मावशी जळका काढा म्हणत असे, तेही गिऱ्हाइकांसमोर. पण मुलांचं खाणं हे खातं तिने पहिल्याच दिवशी ताब्यात घेतलं आणि सायलीने हौसेने छापून आणलेलं मुलांचं मेनूकार्ड फडताळात टाकलं. "ज्याला वाचता येत नाय त्याला कागद कशाला देता? वस्तू दाखवा."

म्हणून तिने तबक केलं. मोठं लाकडी तबक आणि त्यात छोट्या वाट्या. एकीत घावनाचा तुकडा, दुसरीत उकडलेलं रताळं, कुठे अंडं, कुठे सोलकढी, कधी फणसाचे गरे, कधी भाजलेल्या बांगड्याचा लचका. नूडल्सचीही वाटी असायची. मी एकदा त्यावरून नाक मुरडलं तर म्हणाली, "असू दे की. निवडायचं म्हटलं तर सगळं पायजे." मुलांनी बघायचं, वास घ्यायचा, वाटलं तर बोट बुडवून चाटायचं आणि हवं त्या वाटीकडे बोट दाखवायचं. तोवर मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. आणि त्या तबकात एक वाटी कायम रिकामी असायची. स्वच्छ घासलेली, चकचकीत.

"ही कशाला?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"ती 'नको'ची," ती म्हणाली.

त्या दिवशी मी माझ्या मुलीला, इराला, घेऊन तिथे एका वाढदिवसाला गेले होते. जायची इच्छा अजिबात नव्हती. इरा तेव्हा साडेचार वर्षांची होती आणि जेवण या गोष्टीने आमच्या घराचा पार विचका केला होता. झालं होतं असं की तिच्या घशात पेडव्याचा काटा अडकला. पेडवे म्हणजे बोटाएवढे मासे, काट्यांनी भरलेले. आमच्या सासूबाई किनाऱ्यावर वाढलेल्या. त्यांच्या माहेरची पोरं दात यायच्या आधी मासे खातात असं त्या अभिमानाने सांगत. काटा अडकला की कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा आणि वर केळं खायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आम्ही तेच केलं. सासूबाईंनी गोळे केले, नवऱ्याने तिला मांडीत आवळून धरलं, मी पाय धरले. काटा गेला. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला आणि स्वच्छ आहे म्हणाले. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

पण इराने खाणं सोडलं. फक्त पातळ पेज आणि दूध, तेही पेला स्वतःच्या दोन्ही हातांत धरून. घास दिसला की ओठ घट्ट. आम्ही समजलो, पोर काट्याला घाबरली. मग काय, मासे बंद झाले, भाजी गाळणीतून काढून झाली, भात कुस्करून कुस्करून त्याची खळ झाली, आणि प्रत्येक घासाला आमचं एकच पालुपद, "बघ, काटा नाही हं यात." गोष्टी झाल्या, मोबाइल झाला, देवाला नारळ झाला. तिची कॉलरबोन दिसायला लागली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, असंच राहिलं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. माझा नवरा अंजनवेलजवळ नोकरीला, आठवड्याने घरी यायचा, रोज फोनवर पहिला प्रश्न, "खाल्लं का काही?"

तर अशी ती इरा त्या तबकासमोर बसली. बराच वेळ बघत राहिली आणि तिने रिकाम्या वाटीवर बोट ठेवलं.

"बरं. आज नको," मावशी म्हणाली. तिने ती वाटी उचलली, पदराने पुसली आणि जशी दुसऱ्या मुलांना खिरीची वाटी द्यावी तशी अदबीने इरासमोर ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी मावशीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मावशी, जरा आग्रह करा ना. तुमचं ऐकेल."

"तुमी केलात ना आग्रह?"

"केला की."

"मग मी आणि कशाला करू?"

मला तिचा असा संताप आला. पण दोन दिवसांनी इरा आपणहून म्हणाली, "त्या वाटीवाल्या आजीकडे जाऊ या." जिथे खाणं असतं अशा जागी तिने स्वतःहून जायचं म्हणणं ही आमच्या घरात बातमी होती. आम्ही जायला लागलो. दर वेळी तबक यायचं, दर वेळी रिकामी वाटी, दर वेळी "बरं, आज नको." सासूबाई म्हणाल्या, "रिकामी वाटी बघायला एवढ्या लांब जाता? आपल्या घरात काय वाट्या नाहीत?" मी मावशीलाच विचारलं, हे असं किती दिवस. ती म्हणाली, "मला काय ठाऊक? माझ्या हातात जादू नाय. पण बाजारात गिऱ्हाईक मासा उचलून परत ठेवतो ना, तेव्हा त्याच्यावर ओरडायचं नाय. ठेवू द्यायचा. ज्याला ठेवू दिलात तोच फिरून येतो."

मग ती दुपार आली. वीज गेलेली, कॅफेत कुणी नाही, मावशी मागच्या पडवीत स्वतः जेवायला बसलेली. ताटात भात, कढी आणि अख्खा बांगडा. इरा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मावशीने "ये, खा" म्हटलं नाही. नुसतं सांगितलं, "काटा हाय हां यात. मधे मोठा, बाजूला बारीक."

सवयीने मी म्हणून गेले, "नाही हं सोन्या, काटा नाही—"

"हाय," मावशी माझ्याकडे बघून म्हणाली. "पोरीला खोटं सांगू नका."

आणि इरा शांतपणे म्हणाली, "मला काट्याची नाही भीती वाटत."

"असं काय? मग कशाची वाटते?"

"हातांची. सगळ्यांनी मला धरलं होतं. मी नको म्हणत होते."

इतके दिवस आम्ही भाताची शितं चिवडत होतो, भाजीच्या शिरा काढत होतो, आणि पोरगी घाबरली होती ती आम्हाला. हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. आम्ही फक्त सांगत होतो.

मावशी चुकचुकली नाही, तिने इराला जवळही ओढलं नाही. ताट इराकडे सरकवत म्हणाली, "मग आज कोण तुला हात नाय लावणार. तू मला भरव." तिने दाखवलं, मासा डोक्याकडून कसा धरायचा, मधला काटा हळू कसा उचलायचा. इराच्या चिमुकल्या बोटांत तो अख्खा काटा शेपटीपर्यंत सलग वर आला आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने बारीक काटे वेचले, भातात मासा कालवला आणि मावशीच्या तोंडात घास दिला. कढीचा ओघळ मावशीच्या हनुवटीवरून गळ्यापर्यंत गेला. दुसरा घास दिला. तिसऱ्याला मावशीने ओठ मिटले आणि मान हलवली. "नको आता."

इराचा हात हवेत थांबला.

"थांबलीस ना?" मावशी म्हणाली. "झालं तर."

घास तसाच हातात. इराने त्याच्याकडे पाहिलं, मावशीच्या मिटल्या तोंडाकडे पाहिलं आणि तो स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. मी "शाबास" म्हणणार एवढ्यात मावशीने खरकटं बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं. नंतर इरा मांजरामागे पळाली तेव्हा मला म्हणाली, "जेवली म्हणजे काय गड जिंकलान? कौतुक केलंत की उद्या ती तुमच्यासाठी जेवेल. तिला तिच्यासाठी जेवू द्या." एवढं बोलून ती उरलेलं ताट संपवायला लागली. मी मात्र तिथेच बसून राहिले. देवळात जाऊनही मला जे कधी वाटलं नाही ते त्या पडवीत वाटलं, खोटं कशाला सांगू.

घरी मी सासूबाईंना इराचे शब्द जसेच्या तसे सांगितले. रात्रीच्या पानाला त्यांनी इराच्या ताटाशेजारी स्वतःच्या हाताने एक रिकामी वाटी मांडली. पुढे कितीतरी महिने ती तिथे असायची. कधी इरा तिच्याकडे बोट दाखवायची, कधी विसरून जेवायला लागायची. नळीची वेळ आली नाही.

त्यानंतर कॅफेत मी अनेकदा नुसती बघत बसायचे. दमदाटी करून आणलेली, रडून लाल झालेली, टॅबवरून मान न उचलणारी मुलं त्या तबकासमोर आली की हळूहळू शांत व्हायची. आपल्याला कुणीतरी खरंच विचारतंय आणि उत्तर खरंच ऐकणार आहे, हे त्यांना कसं कळायचं कोण जाणे. मी ते रोज पाहिलं असतं तरी मला त्याची सवय झाली नसती.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बेबीमावशीला झटका आला. डावी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. मी आणि इरा भेटायला गेलो तेव्हा कॅफेमागच्या खोलीत ती उशांना टेकून बसवलेली होती आणि सायली चमचा तिच्या ओठांवर दाबत होती. "आई, एक घास. माझ्यासाठी एक. डॉक्टरांनी सांगितलंय ना." मावशीचे ओठ घट्ट मिटलेले. पेज हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळत होती. सायली रडत होती, तिचंही काय चुकत होतं? मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. मीही पुढे झाले, म्हटलं, "मी डोकं धरते, तू—"

इरा उठून बाहेर गेली. सहावीत होती तेव्हा, लांब हातापायांची पोर झालेली. परत आली ती तबक घेऊन. एका वाटीत पेज, एकीत कुस्करलेलं केळं, एकीत सोलकढी, आणि एक घासून पुसून आणलेली. तिने ते बुटकं स्टूल पायाने ओढलं आणि मावशीच्या नजरेच्या उंचीला येऊन बसली.

"आजी, भूक आहे का?"

"अगं, तिला कुठे कळतंय—" सायली म्हणाली.

"काकी, तुम्हाला नंतर विचारते," इरा मान न वळवता म्हणाली.

बऱ्याच वेळाने मावशीचा उजवा हात चादरीवरून उठला. पेजेवरून गेला, केळ्यावरून गेला, सोलकढीशी थोडा घुटमळला आणि शेवटी रिकाम्या वाटीच्या काठावर टेकला.

"बरं," इरा म्हणाली. "आज नको." तिने ती वाटी उचलली, ओढणीने पुसली आणि अदबीने मावशीच्या हातात दिली. मावशीने ती धरली. मग इराने ओल्या फडक्याने तिची हनुवटी आणि गळा पुसला, आणि सायलीने चमचा खाली ठेवला.

त्यानंतर मावशी थोडेच दिवस होती. इरा शाळेतून येता येता रोज तबक घेऊन जायची. कधी मावशीचं बोट सोलकढीवर टेकायचं, कधी रिकाम्या वाटीवर. तिच्या तोंडाला पुन्हा कुणी चमचा दाबला नाही.