बंद साच्यावरचा माणूस

भूतबित मी मानत नाही. चौथी शिकलेला माणूस आहे, पण लालबागच्या चाळीत जन्म काढला, कोणी घाबरवायला आलं तर त्यालाच चहा पाजून पाठवीन. तरी हे लिहितोय... पटलं तर बघा.

परळच्या एका बंद गिरणीत जुन्या काळच्या पिक्चरचं शूटिंग होतं. एक्स्ट्रा म्हणून म्हातारे कामगार हवे होते. वहिनी म्हणाली, "जावा भावजी, कोण जुना भेटात, ह्यांचा विचारा."

'हे' म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. आम्ही दोघं एकाच साचाखात्यात, बाजूबाजूच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर. गिरणी बंद पडली, आणि एका सकाळी काम बघतो म्हणून गेला तो आलाच नाही. वहिनी अजून वाट बघते. मी पण... कोणी 'मेला असेल' म्हटलं की मी भांडतो.

तर मला खाकी चड्डी, बनियन देऊन साच्यापुढे उभं केलं. साचे गंजलेले, आवाज मागाहून टाकणार म्हणे. टेक सुरू झाला. समोरच्या कोपऱ्यातल्या साच्यावरचा माणूस वळला. डावा हात, करंगळी वाकडी — मागाचा धोटा लागून मोडलेली. दादाच.

खात्यात आवाज एवढा, की आम्ही हातानेच बोलायचो. छातीला हात लावून साच्याकडे बोट — म्हणजे माझे साचे बघ, मी जातो. मग पंजा आपल्याकडे फिरवायचा — आलोच. शेजाऱ्याने हात वर करायचा — जा.

त्याने छातीला हात लावला, बोट दाखवलं. आणि माझा हात सवयीने वर गेला.

तो चालू लागला. पंजा फिरवलाच नाही, हे मला तेव्हा समजलं.

"काका, ते हाताचं एक नंबर. परत करा," डायरेक्टर म्हणाला.

"ज्याला केलं तो गेला."

असिस्टंट हसला. "कोण गेला काका? त्या कोपऱ्यात आपण कोणाला उभाच नाय केलाय."

जाऊन बघितलं. मागे भिंत, दरवाजा विटांनी बुजवलेला. परत टेक दिला नाही मी. डायरेक्टर गेला उडत.

घरी खोटं बोलणं मला जमत नाही. वहिनीला सगळं सांगितलं. खात्याची भाषा तिलाही येते, दादाने शिकवलेली.

"हात फिरवल्यांनी काय?"

"नाय."

"आणि तुम्ही?"

"मी... जा म्हटलं."

बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मग माका कित्याक सांगलात?"

गिरणीच्या शेडमध्ये काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. कोणी समजावलं तर ऐकेन, मानेनच असं नाही. वहिनीला मात्र कशाला सांगितलं, ह्याचं काय उत्तर द्यायचं... तिने परत विचारलेलं नाही. जिन्यावर पाऊल वाजलं तरी आता ती दाराकडे बघत नाही.