पायांतल्या वहाणा

उंच टेबल आलं आणि डिचोलीत काही घडेनासं झालं. निदान पणजीच्या संपादकांना तसं वाटू लागलं. फोनवर ते म्हणाले, "गोकुळदास, तुमचं पान हल्ली उपाशी दिसतं."

गोकुळदास एका मराठी दैनिकाच्या डिचोली कचेरीत वार्ताहर. उमेदीची सगळी वर्षं एका लाकडी खुर्चीत गेली. त्या खुर्चीने त्याला बातम्या दिल्या आणि मोबदल्यात कंबर घेतली. म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बसणं बंद करा, नाहीतर कामच बंद करावं लागेल. मग मुख्य कचेरीने हे टेबल पाठवलं, उभं राहून काम करायचं. शेजारी जाहिराती जुळवणारी सेजल म्हणाली, "बाब, आता तुमी कदंबा बसचे कंडक्टर दिसता. तिकीट फाडा."

कंबर खरोखर निवली. पण माणसं थांबेनात. जत्रेची बातमी घेऊन महादेव दारात आला, त्याला उभा पाहून तो बाहेर निघालाय असं समजून म्हणाला, "भायर सरलास? मगीर येतंय." आणि निघून गेला. नाही रे, मी इथंच आहे, हे वाक्य गोकुळदासच्या तोंडी यायच्या आत जिना रिकामा. असे कितीतरी गेले. पूर्वी हीच माणसं समोर बसायची, आधी पाऊसपाणी, मग भाऊबंदकी, आणि उठता उठता खरी बातमी. ते 'उठता उठता'च हरवलं होतं. रिकाम्या खुर्चीवर दुपारचं ऊन येऊन बसे आणि काही न सांगता जाई.

त्या सकाळी मुळगावची सरस्वतीकाकी आली. हातात प्लास्टिकची पिशवी, आत नवऱ्याचा फोटो. उंबऱ्याशीच थबकली. "भायर सरलास दिसता. आसू दी, फाल्यां येतंय."

"काकी, थांबा."

ती जिना उतरलीही होती.

उद्या तिच्या नवऱ्याचं, नारायणकाकांचं, वर्षश्राद्ध. फोटो आज गेला नाही तर उद्याच्या अंकात काका नसतील, आणि परवा छापण्यात अर्थ नाही. गोकुळदास तिच्यामागे निघाला. कंबर प्रत्येक पायरीला बोलत होती. बसस्टँडवर काकी बाकावर बसलेली सापडली.

"काकी, मी कुठंच जात नव्हतो. डॉक्टरांनी उभं राहून काम करायला सांगितलंय."

काकीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर पायांपाशी थांबली. "मग पायांत वहाणा कशाक?"

त्याने खाली पाहिलं. बसायचा तेव्हा वहाणा टेबलाखाली असत, कुणाला दिसत नसत.

"वहाणा घालून उभ्या असलेल्या माणसाक मी अडवू? म्हातारी झालंय, पण रीत विसरूक ना अजून. हो फोटोतलो अंथरुणात पडलो तेव्हा आपल्यो वहाणा माग माग करी. दिल्यो नाय मी. दिल्यो असत्यो तर गेलो असतो, असां वाटायचां." ती पिशवीकडे बघत राहिली. "तरी गेलो. अनवाणीच."

बस आली, तिचीच. ती उठली नाही.

"चला काकी, वर जाऊ," तो म्हणाला.

कचेरीच्या दाराशी गोकुळदासने वहाणा काढल्या, तिच्या चपलांशेजारी ठेवल्या. गार फरशी तळव्यांना लागली. सेजलने भुवया उंचावल्या. "बाब, देवळात आलात काय?" पण लगेच उठून तिने लाकडी खुर्ची टेबलाला लागून सरकवली आणि स्वतः पाणी आणायला गेली.

काकी बसली. उंच टेबलापलीकडे तिला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. खालून दिसत होते ते दोन उघडे पाय, भेगाळलेले, न हलणारे. त्यांच्याकडे बघून तिने पदर सावरला, फोटो मांडीवर ठेवला आणि बोलायला लागली. नवऱ्याबद्दल नव्हे. मुळगावच्या शेतात खाणीचं तांबडं पाणी पुन्हा शिरलंय, बांध कुणी बघत नाही, असं काहीतरी.

गोकुळदासने पेन उघडलं.