नवतपा मोडला त्या दिवशी

आईचे गुडघे त्या उन्हाळ्यात फार दुखायला लागले, म्हणून मी गोंदियाहून रजा टाकून तिच्याकडे आले. सालेकशाच्या पलीकडे जंगलाला लागून आमचं गाव. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू होता. कूलर गरम हवाच फेकायचा. आई दुपारी लुगडं भिजवून अंगावर घ्यायची आणि ते वाळलं की उठून पुन्हा भिजवायची.

शेजारी मावशी राहायची. नात्याची नव्हे, ती गोंड, आम्ही बौद्ध. पण मला कळायला लागल्यापासून ती आणि आई जंगलात जोडीनेच जायच्या. आधी मोह वेचायला, मग विड्यांसाठीच्या तेंदूपत्त्याला. तिचा नवरा केव्हाच वारला होता. एकुलता एक मुलगा हैदराबादला बांधकामावर होता. त्या वर्षी आईला चालवेना, म्हणून तिच्या जागी मी मावशीसोबत जात होते.

पानं तोडून झाली होती. गावाबाहेर फळीवर, म्हणजे पानं वाळवायच्या मोकळ्या मैदानात, पानांचे पुडके उन्हात पडले होते. एका सकाळी फळीवर पानांचा हिशेब ठेवणारा मुंशी मोबाईल हातात घेऊन आला आणि म्हणाला, "उद्यापासून गरमी कमी होणार. आज संध्याकाळी आंधी-पानी आहे."

बायका एकदम बोलायला लागल्या. एकीने तर वर बघून हात जोडले.

"खुश कायले होऊन राहिल्या?" मुंशी म्हणाला. "पुडके भिजले त सगळे सडतीन. आजच बोरे भरा लागते."

एरवी बोरे, म्हणजे पानांची पोती, पहाटे भरतात, पानं नरम असतात तेव्हा. भर उन्हात हात लावला की त्यांचा चुरा होतो. म्हणून पाण्याचा ड्रम आणून ठेवला आणि पानांवर पाणी शिंपडत भराई सुरू झाली. आईने मला निरोप देऊन पाठवलं होतं, की मावशीला दुपारी थांबू देऊ नको. मी सांगितलं तर मावशी म्हणाली, "अन् पानी आलं त? तू जाय घरी. तुले सवय नाई."

मी गेले नाही. दोघी मिळून भरत होतो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती माझ्याशी गोंडीत बोलायला लागली. मला गोंडी येत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, "मावशी, काय म्हणतेस?" तिने माझ्याकडे बघितलं, पण ती दुसऱ्याच कोणाशी बोलत होती. एक नाव ती पुन्हा पुन्हा घेत होती. ते तिच्या लहानपणी गेलेल्या बहिणीचं, हे मला नंतर आईने सांगितलं. मी तिचा हात धरला. तो कोरडा होता, तव्यासारखा तापलेला. आणि ती खाली बसली ती आडवीच झाली.

बायकांनी तिला मोहाच्या झाडाखाली ओढलं. पानांसाठी आणलेला ड्रम तिच्या अंगावर रिकामा केला. मुंशी धावत जाऊन पिकअप घेऊन आला.

सालेकशाच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने ओल्या चादरी गुंडाळल्या, बाजारातून बर्फ मागवला, सलाईन लावलं. ती खाटेजवळून हलली नाही. उन्हं कलली तसं आभाळ भरून आलं, धुळीचा लोट उठला, पत्रे वाजायला लागले, लाईट गेली. त्या वाऱ्यातच मावशीचा श्वास थांबला. डॉक्टरीण माझा हात धरून म्हणाली, "ताई, नाही जमलं हो आम्हाला."

तिला घरी आणलं तेव्हा गारठा सुटला होता आणि गावात कुठेच वीज नव्हती. मावशीच्या दिराने मुलाला फोन लावला. बोलून झाल्यावर तो अंगणात येऊन म्हणाला, "पोरगा गाडीत बसून राहिला. म्हणते, माझ्यासाठी थांबा. पण त्याले उद्याची दुपार होते. इतका वेळ कसं ठेवाचं? सकारीच माती देऊन देऊ."

 त्या उन्हाळ्यात वारलेल्या प्रत्येकाला असंच घाईने नेलं होतं.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती मला म्हणाली, "तुह्या मोबाईलात पाह्य. उद्या कसं राहीन?"

मी रस्त्यावर जाऊन रेंज शोधली आणि परत येऊन सगळ्यांसमोर वाचलं. ढगाळ आकाश. हलक्या सरी. तापमानात मोठी घट. हवामानाची बातमी इतक्या शांततेत कोणी ऐकलेली मी पाहिली नव्हती.

"दुपारपर्यंत ऊन नाई ना पडणार?" दिराने विचारलं.

"असंच लिहिलं आहे काकाजी. माझ्याच्याने खात्री कशी देववेल?"

तो अंगणाच्या कडेला जाऊन आभाळाकडे बघून आला. मग म्हणाला, "थांबू मंग."

सकाळी ढग होते. बायकांनी घर दोनदा सारवलं, कडुलिंबाच्या फांद्या लावल्या. मध्येच एकदा उन्हाची तिरीप अंगणात उतरली आणि दीर चटकन उभा राहिला. ती गेली, तसा बसला. गार वारा येत होता. कोणीतरी म्हणालं, "किती बरं वाटून राहिलं," आणि लगेच गप्प झालं. पण खरं होतं ते. कित्येक दिवसांच्या तगमगीनंतर रडून दमलेल्या बायका तिथेच भिंतीशी झोपी गेल्या होत्या. मलाही बरं वाटत होतं आणि मला ते सोसत नव्हतं.

मुलगा आला तेव्हा त्याच्या बुटांवर अजून सिमेंट होतं. स्टेशनवरून कोणाच्या तरी मोटारसायकलवर आला. दारातच थबकला. आई उठली, त्याला हाताला धरून आत घेऊन गेली. त्याने मावशीच्या गालावर हात ठेवला.

"मले वाटलं, तुमी नेली असन," तो म्हणाला.

"तुह्याबिगर कसं नेतो बा?" आई म्हणाली.

माती द्यायला गेलो. पावसाने जमीन वर वितभरच ओली झाली होती. खाली तीच टणक, तापलेली. पुरुष आळीपाळीने कुदळ मारत होते. मुलाने दुसऱ्याच्या हातची कुदळ घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. त्याला कोणी थांबवलं नाही.

परतल्यावर आईने आमच्या घरून भात आणि वरण नेलं. तो नको म्हणाला, मग आईने पहिला घास स्वतः भरवला. त्यानंतर मात्र तो खाली मान घालून सगळं जेवला.