एका शिट्टीचा भात

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते केजच्या एका एस.टी. कंडक्टरचे. आमच्या भागात कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून मीही त्यांना मास्तरच म्हणत आलो. तुमच्यावर लिहू का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "लिव्ह. पन नाव नको टाकू. नाव वाचून लोकं चौकशीला येतेत, मग त्यांच्या चहाचं बघावं लागतं."

मास्तर कुकर गॅसवर ठेवायचे आणि त्याच्याकडं पाठ करून उभे राहायचे. पहिली शिट्टी झाली की एक बोट वर. दुसरी झाली की दुसरं बोट, आणि मागं न बघता हात मागं नेऊन गॅस बंद. "एक म्हंजे थांबा, दोन म्हंजे चला." गाडीतल्या घंटीचा नियम त्यांनी कुकरलाही लावला होता.

आम्ही शेजारी होतो. बसस्थानकापासून दहा मिनिटांवर पत्र्याच्या पाच खोल्या होत्या. तीन नंबरच्या खोलीत मी, पाच नंबरच्या खोलीत मास्तर. त्यांच्या घरच्या बाई नारायणगडाजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका होत्या. "तिची नौकरी तिथं, माझी हितं. तिनं सोडायची का मी? मंग कुनीच सोडली न्हाई." म्हणून ते एकटे राहायचे आणि आपलं आपण करून खायचे.

त्यांचं ते करून खाणं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दारातच उभा राहिलो. दुपारी दोनला ते धुळीनं माखून आले. पुढची गाडी पावणेतीनला होती. दार उघडल्या उघडल्या त्यांनी तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन कुकरला लावली आणि आंघोळीला गेले. मोरीतूनच शिट्ट्या मोजल्या. बाहेर येऊन गॅस बंद केला. कुकर निवेपर्यंत कांदा चिरला, ताकात मीठ घातलं, शेंगदाण्याची चटणी काढली. जेवले, ताट आणि कुकर घासून पालथे घातले आणि खाटेवर आडवे झाले. पाच मिनिटं चक्क घोरले. मग उठून शर्टाची बटणं लावत निघून गेले. एवढ्या वेळात ते एकदाही घाईत दिसले नाहीत. तुम्ही निष्णात गवंडी किंवा जुना शिंपी काम करताना पाहिला असेल, तर मी काय म्हणतो ते तुम्हाला कळेल.

मला स्वतःला तेव्हा चहासुद्धा करता येत नव्हता. गरजही नव्हती. माझा डबा घरून यायचा.

आमचं गाव नांदूरघाटच्या रस्त्यावर. गावाकडून शिकायला आलेल्या पोरांचे डबे एस.टी.नं यायचे, अजूनही येतात. घरचं कुणीतरी थांब्यावर डबा घेऊन उभं राहतं, कंडक्टर तो पुढच्या सीटखाली ठेवतो, आणि आपण बसस्थानकावर जाऊन उतरवून घेतो. माझ्या बारावीच्या वर्षी त्या गाडीवर मास्तरच होते. साडेदहाला गाडी आमच्या थांब्यावर, अकरा-सव्वाअकराला केजात. डब्यात चार भाकरी, भाजी, एखादी चटणी. अर्धं दुपारी खायचं, अर्धं रात्री.

एक दिवस मास्तरांनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा शेवटचा आठवडा. फुडच्या सोमवारपासून मी आननार न्हाई."

मी म्हणालो, "का? काही नियम आलाय का?"

"हां. माझा."

मला राग आला. मी म्हणालो, "ठीक आहे. दुसऱ्या गाडीनं मागवतो."

"मागव की. त्या गाडीच्या मास्तरला बी सांगून ठिवलंय."

मग ते मला बसस्थानकाच्या कट्ट्यावर घेऊन बसले. म्हणाले, "डबा कोन करतं घरी?"

"आई."

"आई सकाळी सातला रानात जाती. पैल्या फेरीला मला रोज वाटंनं दिसती. डबा कोन करतं?"

धाकटी बहीण करत होती. ती नववीत होती. हे मला ठाऊक होतं, पण मी त्याचा विचार कधी केला नव्हता.

मास्तर म्हणाले, "तुमच्या थांब्यामागं शाळा हाय. गाडी येती तवा तिथं प्रार्थना चालू असती. जूनपासून बघतोय मी. पोरगी शाळंच्या कपड्यात डबा घिऊन उभी. गाडीला उशीर झाला की हिला उशीर. दिवाळीनंतर बघतोय तर शाळंचे कपडे न्हाईत. काल इचारलं, कावून गं, सुट्टी हाय का? म्हनली, आता शाळंत जात न्हाई. दादाचं बारावीचं वर्ष हाय."

मी दर रविवारी घरी जायचो. रविवारी शाळा नसते. त्यामुळं मला काहीच दिसलं नव्हतं, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. हातातला डबा अजून गरम होता.

"मला भाकरी येत नाही, मास्तर," मी म्हणालो.

"भाकरीचं कुनी काढलं? भाकरी रविवारी आईच्या हातची खा. तुला दोन टाइम पोट भरायचंय, लग्नाची पंगत न्हाई उठवायची. संध्याकाळी ये खोलीवर."

त्या संध्याकाळपासून माझी शिकवणी सुरू झाली. एक कुकर, एक कढई, एक सुरी. "भांडी वाढली की धुनं वाढतं, धुनं वाढलं की मानूस खानावळ शोधतो," असं त्यांचं मत होतं. पहिल्या दिवशी खिचडी. दुसऱ्या दिवशी सुशीला: चुरमुरे भिजवायचे, पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वरून शेंगदाण्याचा कूट. कढई चढवल्यापासून सात मिनिटं. मग ताकातल्या कण्या. भरडलेली ज्वारी सकाळी पाण्यात टाकून कॉलेजला जायचं, आल्यावर शिजवायची आणि ताक ओतायचं. मला वाटायचं, स्वयंपाक म्हणजे बायकांना जन्मतः येणारी काहीतरी अवघड विद्या. मास्तरांनी ती वेळापत्रकासारखी समोर मांडली. कोणतं काम आपल्या हातानं होतं आणि कोणतं नुसतं थांबून होतं, एवढं ओळखायचं. थांबून होणारं आधी लावायचं.

येसराच्या आमटीनं मात्र माझी परीक्षा पाहिली. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ. आमच्याकडं घरोघरी बरणीत असतं. पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. मी ते कोरडंच उकळत्या पाण्यात ओतलं. मास्तरांनी पळीनं एक गाठ वर काढली, उजेडात धरली आणि म्हणाले, "वा. लाडवाची आमटी." मग ती सगळी आमटी आम्ही दोघांनी गाठी फोडत खाल्ली. फेकून देणं त्यांच्याकडं नव्हतं. "आधी गार पान्यात कालीव, बे. उद्या पुन्ना."

आठवडा संपता संपता म्हणाले, "रविवारी घरी करून दाखीव. तोंडानं सांगितलेलं आईला पटत नसतंय."

खरंच पटलं नाही. डबा पाठवू नका, मी हातानं करतो, असं सांगितल्यावर आईनं कपाळाला हात लावला. "पोरानं चूल फुकायची आन् पोरीनं पुस्तक धरायचं? लोकं काय म्हनतील? आन् तू उपाशी ऱ्हाऊन नापास झाला म्हंजे?" वडील भिंतीला टेकून बसले होते. बहीण दाराच्या चौकटीशी हाताची घडी घालून उभी. ती म्हणाली, "खोटं बोलतोय. ह्याला पानी तापवता येत न्हाई."

मी कुकर लावला आणि पाठ करून उभा राहिलो. माझी पाठच सगळ्यांना दिसत असणार. दोन शिट्ट्या मोजल्या, कुकर उतरवला, फोडणी केली, लसूण घातला, पाणी ओतलं, पाण्याला उकळी आली. घरातली सगळी माणसं बघत होती. मी येसराची वाटी उचलली आणि कोरडीच पातेल्याकडं नेली.

बहिणीनं पायानं गार पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

मी येसर कालवलं. आमटी झाली. आईनं भातावर घेऊन खाल्ली, थोडा वेळ चावत राहिली. म्हणाली, "मीठ जास्त हाय." वडिलांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. जेवण झाल्यावर हात धुता धुता ते बहिणीला म्हणाले, "शाळंचे कपडे आजच धुऊन टाक. उद्या वाळून पायजेत."

सोमवारी सवयीनं मी बसस्थानकावर गेलो. गाडी लागली. मास्तर उतरले, तिकिटाचं मशिन काखेत धरून माझ्यापाशी आले. "आज तुमच्या थांब्यावर कुनीच नव्हतं," म्हणाले. प्रवासी नसल्याचा एवढा आनंद झालेला कंडक्टर मी दुसरा पाहिला नाही. "ड्रायव्हरला म्हनलं, जरा दम धर. प्रार्थना चालू व्हती. पोरी रांगंत उभ्या व्हत्या. त्यातली तुझी कोनची, काय वळखू आलं न्हाई. समद्यांचे कपडे सारखेच की."

हे सगळं त्यांनी का केलं, ते मला फेब्रुवारीत कळलं. त्यांची थोरली बहीण डोळे तपासायला केजात आली होती. मास्तरांनी मलाही जेवायला बोलावलं. आक्का खाटेवर बसल्या होत्या. साठीला टेकलेल्या, कष्टाच्या हातांच्या. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. पदर सारखा करत, मध्येच उठायला बघत.

"दे की रं, मी टाकते फोडनी."

"बस खाली."

"कांदा तरी चिरू दे."

"आक्का, पाय वर घिऊन बस."

आक्का माझ्याकडं वळल्या. "लई मीठ टाकतो बघ हा. लहानपनापून. आन् गरम लागायचं ह्याला, शिळं चालायचं न्हाई. हा पाचवीला व्हता तवा आमी दोघं भाऊ-बहीन अशीच खोली घिऊन ऱ्हायलो. मी करायची, हा शिकायचा. मी बारा वर्साची असंन. न्हाई, तेरा. हा धाकटा असून माझ्या फुडं गेला." त्या हसल्या. "मी चौथीतच सोडली ना शाळा. पैला नंबर व्हता माझा."

मास्तर कुकरकडं पाठ करून उभे होते. शिट्टी झाली. त्यांचं बोट वर गेलं नाही. हात मागं गेला आणि गॅस बंद झाला. "दोन झाल्या," ते म्हणाले. एकच झाली होती. मला ऐकू आली होती, आक्कांनाही आली असणार. मास्तरांनी तसाच कुकर खाली घेऊन वाफ सोडली आणि भात वाढला. तांदूळ मध्ये टणक होता. इतक्या महिन्यांत त्यांची मोजणी चुकलेली मी पाहिली नव्हती.

आक्कांनी पहिला घास घेतला. हळूहळू चावला. "चांगला झालाय," म्हणाल्या, आणि पुन्हा मागून घेतला. मीही घेतला.

मी बारावी झालो, मग केजातच पदवी घेतली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. निकाल सांगायला गेलो तेव्हा मास्तरांनी विचारलं, "आन् ती?" बहीण तेव्हा बारावी देऊन निकालाची वाट बघत होती. ते म्हणाले, "मंग पेढे अर्धेच आन. अर्धे तिच्या टायमाला."

पुढं ते निवृत्त होऊन गावी गेले. आता अंगणवाडीतून घरी आलेल्या काकूंना गरम ताट मिळतं, असं त्यांच्या डेपोतले लोक सांगतात. जाताना कुकर माझ्याकडं ठेवून गेले. फोन ते घेत नाहीत. "फोनवर मानूस बरं हाय म्हनतो आन् ठिवून देतो. पत्र लिव्ह. बसून वाचता येतं." पाच नंबरच्या खोलीत आता दोन पोरं राहतात. त्यांचा डबा कोण करतं, हे मी आल्या दिवशीच विचारून घेतलं.

मागच्या महिन्यात मास्तरांना पत्र पाठवलं. पोस्टानं न पाठवता त्यांच्या गावावरून जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडं दिलं. पत्र असं:

तीर्थस्वरूप मास्तरांस,
साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. नोकरी चालू आहे. राहायला अजून तीन नंबरच्याच खोलीत आहे. तुमच्या कुकरचं रबर बदललं, बाकी सगळं जुनंच आहे.

धाकटी अंबाजोगाईला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा चालू आहे. मेसचं जेवण बाधलं म्हणून दोन दिवस तिनं काही खाल्लं नाही, असं तिच्या मैत्रिणीनं कळवलं. सोमवारी सकाळी मी मऊ खिचडी केली आणि डबा घेऊन अंबाजोगाईच्या गाडीपाशी गेलो. कंडक्टर नवीन आहेत, तरुण आहेत. म्हणाले, पोराला का? मी म्हणालो, बहिणीला. तिची परीक्षा आहे. म्हणाले, आईनं केला असंल. मी म्हणालो, मी केलाय, ऑफिसला जायच्या आधी. त्यांनी डबा पुढच्या सीटखाली ठेवला आणि दोनदा वळून माझ्याकडं बघितलं.

आक्कांना माझा नमस्कार सांगा. तसा एका शिट्टीचा भात मी पुढं एकदा मुद्दाम करून बघितला. मला खाववला नाही. त्या दिवशी आम्ही दोघांनी मागून मागून कसा खाल्ला कोण जाणे.

त्याच सोमवारी संध्याकाळी रिकामा डबा परत आला. आत चिठ्ठी होती. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. लिहिलं होतं: दादा, मीठ जास्त आहे. उद्यापण पाठव.

आपला,
तीन नंबरच्या खोलीतला