नीलमची कोरी गोळी

नीलम एका जागी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. परभणीत आम्ही दोघी ज्या फार्मसी कॉलेजात शिकवतो, तिथे तिच्या टेबलाला खुर्ची आहे, पण ती पर्स ठेवण्यापुरती. चहा उभ्यानं, पेपर तपासणं फिरत फिरत. मी तिच्यापेक्षा वयानं मोठी आणि अंगानंही, त्यामुळे मला तिच्याकडे बघूनच दम लागायचा. "बाई गं, टेक की जरा कुठंतरी," म्हटलं की "हो मॅडम" म्हणायची आणि खिडकीशी जाऊन उभी राहायची.

तिच्या जिवाला हा जो घोर होता, तो जवळच्या झरी गावात राहत होता. तिची आई, गीताबाई. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपणी-वेचणी करून या बाईनं लेकीला शिकवलं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच, आणि लेकीकडे राहायला ये म्हटलं की कानावर हात. मध्यंतरी त्यांच्या छातीत कळ यायला लागली. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली. पोटातून जाणाऱ्या गोळीला वेळ लागतो. ही जिभेखाली विरघळली की औषध तिथूनच रक्तात उतरतं आणि कळ लवकर ओसरते. पण गीताबाईंना गुण येईना. विचारलं की एकच उत्तर, "काय बी न्हाई होत तिनं."

यावर नीलमनं काढलेला उपाय तिलाच सुचावा असा होता. बाजारातली गोळी चालत नाही ना, मग आपण चांगली करू. पीएच.डी.चा विषयच तिनं तो घेतला: जिभेखाली झटकन विरघळणारी गोळी. मग काय, लॅबमधलं ते गोळ्या पाडायचं मशीन आणि ही. घट्ट दाबली तर गोळी विरघळायला वेळ लावायची, सैल दाबली तर बोटातच भुगा. हिनं पावडरी बदलल्या, गोडी घातली, पुदिन्याचा वास घातला. चव आणि वेळ बघायला आधी औषध न घालता गोळी करायची. तिला आम्ही कोरी गोळी म्हणायचो. स्टाफरूममध्ये आम्ही मोठमोठी माणसं जिभा वर करून बसलोय आणि ही घड्याळ घेऊन आमच्याभोवती फिरतेय, असं ते ध्यान असायचं. आमच्या सगळ्यांच्या तोंडात गोळी बघता बघता विरघळली. नीलम खूश.

एका रविवारी मला गाडीत घालून, म्हणजे माझ्याच गाडीत घालून, ती झरीला घेऊन गेली. गीताबाईंनी कोरी गोळी जिभेखाली ठेवली. जरा वेळ बसल्या, मग उठल्या, उंबऱ्याशी गेल्या आणि पचकन बाहेर थुंकल्या.

"माय! थुंकलीस का?" नीलम ओरडली.

"मंग काय करू? तोंडात पाणी सुटलं की."

"डॉक्टरची गोळीपण थुंकतेस?"

"थुंकायचंच. गिळलं तर गरगरतंय."

गरगरतं ते मशेरीचं पाणी. गीताबाई पोरवयापासून दाताला तंबाखूची मशेरी लावतात. मशेरी लावली की तोंडात पाणी येतं, ते गिळायचं नसतं, थुंकायचं असतं. इतक्या वर्षांची सवय, तोंडाला पाणी सुटलं की त्यांचे पाय आपसूक उंबऱ्याकडे वळतात. आणि नीलमची गोळी जितकी गोड, तितकं पाणी जास्त. लेकीनं एवढं खपून आईला औषध आणखी लवकर थुंकायची सोय करून दिली होती. मला हसू आवरेना. नीलम मात्र संतापली.

"आधी ती मशेरी सोड. काय मिळतं तुला त्यात?"

"रानात दिसभर भूक मरायची तिनं," गीताबाई शांतपणे म्हणाल्या. "डब्यातली भाकर तुला ऱ्हायची."

परतीच्या वाटेवर नीलम नुसती खिडकीची काच वरखाली करत होती.

तिनं गोळी पुन्हा मुळापासून केली. गोडी काढली, पुदिना काढला, गोळी मसुराच्या डाळीएवढी बारीक केली. पुढच्या खेपेला ती जिभेखाली ठेवून गीताबाई ओठ मिटून बसून राहिल्या आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आता न्हाई सुटलं पाणी." नीलमनं मला एवढ्या जोरात मिठी मारली की माझा चष्मा पडला. निघताना तिनं कोऱ्या गोळ्यांची एक बाटली आईजवळ ठेवली. "माय, या नुसत्या सवय व्हायला. यात औषध नाही. कळ आली तर कोनाड्यातली, डॉक्टरची घ्यायची. तोंड मात्र असंच मिटून बसायचं." गीताबाईंनी मान हलवली. मी समोर होते.

पावसाळा सरता सरता एका दुपारी नीलमचा फोन वाजला. आईचा होता. नीलम बोलत बोलत व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली.

"गोळी घेतलीस? ... थुंकलीस का? ... नाही ना? ... आणि कळ?"

कळ तशीच होती. तिनं लगेच १०८ ला फोन लावला, पण ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दम निघेना, म्हणून आम्ही गाडी काढून झरीच्या वाटेला, जिंतूर रस्त्याला लागलो. "थुंकली नाही म्हणाली, मॅडम. तोंड मिटून बसले म्हणाली. तरी कळ जात नाही म्हणजे..." अटॅक हा शब्द ती टाळत होती आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सांगत होती. सीटबेल्ट काढत होती, लावत होती. शेवटी मी खेकसले, "गप बस गं!" खरं तर मलाच भीती वाटत होती.

गीताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ घामानं डबडबलेलं, एक हात छातीवर, दुसऱ्या हातात बाटली. झाकण उघडं. ती नीलमची बाटली होती.

"तुजीच घेतली," त्या म्हणाल्या. "एकीनं जाईना म्हून दुसरी बी घेतली. थुंकले न्हाई बग."

सगळ्या वाटेत नीलमनं थुंकलीस का, एवढंच घोकलं होतं. कोणती गोळी घेतलीस, हे तिनं विचारलंच नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. तिनं कोनाडा उचकला, डॉक्टरची गोळी काढली आणि आईच्या जिभेखाली ठेवली. थोड्याच वेळात गीताबाईंचे गाल हलले, आणि त्या हात टेकून उठायला लागल्या. नीलमनं त्यांच्या ओठांवर तळहात दाबून धरला.

"थुंकायचं नाही, माय. गिळायचंही नाही. माझ्याकडं बघ. माझ्याकडंच बघ."

गीताबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, नीलमचा हात निघाला नाही. मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते आणि आमच्या नशिबाला शिव्या घालत होते. हळूहळू गीताबाईंचा छातीवरचा हात सैल पडला. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली आणि त्यांना परभणीला आणलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले, तेव्हा गीताबाई उशीला टेकून बसल्या होत्या. धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले होते. नीलम पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती. मला बघताच तिचा बांध फुटला.

"विचारा हिला, मॅडम! त्यात औषध नाही, हे मी सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं व्हतं," गीताबाई म्हणाल्या.

"मग ऐकलं नाहीस का?"

"ऐकलं की." त्या माझ्याकडे वळल्या. "म्याडम, तुमीच सांगा. लेक सणाला घरी येईना, घास धड खाईना, रात न् दिस त्या गोळीपायी जीव जाळायली. आन् त्यात काईच न्हाई म्हंती. ह्ये कोण्या मायनं खरं मानावं?"

नीलम थांबली. पलंगाखालचं स्टूल ओढलं आणि आईजवळ बसली.