उकळतं पाणी आणि गंजलेला ड्रम

तारापूरला वीजघराचं काम सुरू झालं आणि बोईसर स्टेशनावर रोज नवी माणसं उतरू लागली. त्यांची ने-आण करायला माझ्या नवऱ्याने एक जुनी विलायती गाडी घेतली. आधीच्या मालकाने ती शिरगावच्या किनाऱ्याजवळ वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवली होती. खाऱ्या वाऱ्याने खालच्या लोखंडाला पापुद्रे सुटले होते. महिनाभरात मागचा ब्रेक धरेनासा झाला.

एका रविवारी सकाळी, बेटेगावच्या आमच्या अंगणात, ह्यांनी आणि माझ्या धाकट्या दिराने चाक काढलं. आतला ब्रेकचा ड्रम मात्र चाकाच्या दांड्याला गंजून एकजीव झालेला. दोन दिवस त्याला घासलेट पाजलं होतं. आता लाकडाचा ठोकळा मध्ये धरून घण घातले. ड्रम केसभरही हलला नाही.

दीर म्हणाला, "दादा, उकळतं पानी ओतून बघू. लोखंड फुगलं का सुटंल."

मी चुलीवर दोन तपेली चढवली. पहिलं ओतलं, वाफेचा लोट उठला, पुन्हा घण. काही नाही.

ह्यांचा राग मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळला होता. आधी जबडा आवळायचे, मग बोलणं बंद, मग हात चालायचा. बहुतेक वेळा माझ्यावर. त्या दिवशी जबडा आवळला, आणि ह्यांनी दांड्याच्या टोकावरचा मोठा नट काढून मातीत फेकला.

"दादा, नट टोकाला राहू दे. ड्रम उडाला तर अंगावर येईल."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाय. सांगतो."

हातातला पाना ह्यांनी त्याच्या तोंडावर हाणला. दीर गाडीवर आपटून खाली बसला. ओंजळीत रक्त, रक्तात दात. मग ह्यांनी घण उचलला. ड्रमकडे पाहतही नव्हते.

मी दुसरं तपेलं घेऊन येत होते.

"अहो, खाली ठेवा तो."

"आत जा तू!"

घण वरच होता. मी सगळं पाणी ह्यांच्या पायांवर ओतलं.

ती किंकाळी शेजारच्या वाडीपर्यंत गेली. घण बाजूला पडला. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि दोघांच्या मध्ये उभी राहिले. "आता उठलात तर बघा," मी म्हणाले. हे उठले नाहीत. उठताच येत नव्हतं.

दिरानेच बैलगाडी जुंपून भावाला पालघरच्या डॉक्टरकडे नेलं. संध्याकाळी तो एकटा परतला; ह्यांना डॉक्टरने ठेवून घेतलं होतं. त्याने नट मातीतून शोधून टोकाला बसवला, घासलेट पुसून काढलं आणि नारळाच्या सोडणांचा जाळ ड्रमभोवती धरला. मी ठोकळा धरला, त्याने कडेकडेने ठोकलं. बंदुकीसारखा आवाज झाला. ड्रम सुटला आणि नटावर अडून थांबला.

पुढचे दीड महिने हे घरी खाटेवर होते. गाडी दीर चालवायचा. जखमा मी रोज धुवायची. ओली कातडी कापसाला चिकटून यायची, तेव्हा मी कापूस खाली ठेवायची. दिराचा सुजलेला गाल दिसला की पुन्हा उचलायची. माफी ह्यांनी मागितली नाही, मीही नाही.

माझ्यावर मात्र ह्यांनी पुन्हा कधी हात उचलला नाही. भीतीने की लाजेने, ते मी विचारलं नाही.